गिऱ्हाइकाच्या हातातला गज

१९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत गाजला. ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात तो लागला आणि लोकांनी गर्दी केली. मग दादासाहेब फाळके तो घेऊन सुरतेला गेले. तिथे पहिल्या खेळाचा गल्ला मोजला तर निघाले अवघे तीन रुपये. थिएटरच्या मालकाशी फाळक्यांची निम्मी भागी होती. त्यानं दोन उपाय सुचवले: चित्रपट लांबवा, नाहीतर तिकीट उतरवा. व्यापारी माणसाला हेच सुचणार. माल कमी वाटतोय तर माल वाढवा, महाग वाटतोय तर भाव पाडा.

फाळक्यांनी दोन्हींना नकार दिला. त्यांनी गुजरातीत एक जाहिरात काढली. सत्तावन्न हजार चित्रं पाहायला या, असं तिच्यात होतं. या चित्रपटाची रुंदी पाऊण इंच आणि लांबी मात्र दोन मैल, आणि हे सगळं थोड्या आण्यांत. गल्ला तीनशे रुपयांवर गेला, अशी हकीकत फाळक्यांच्या चरित्रात सांगितली जाते.

ही गोष्ट बहुतेक वेळा फाळक्यांच्या हुशारीची म्हणून सांगतात. मला ती त्यांच्या निरीक्षणाची वाटते. त्या काळातला प्रेक्षक नाटकावर पोसलेला होता. रात्री पडदा वर जायचा आणि पाच-सहा तासांनी, कधी पहाटेच्या सुमारास, भरतवाक्य व्हायचं. दोन आण्यांत सहा तास, हा त्याचा भाव ठरलेला होता. आता कुणीतरी आलं आणि तास-दीड तासाच्या खेळाला त्याहून जास्त पैसे मागू लागलं. प्रेक्षक चित्रपटावर रुसला नव्हता. तो आपल्या हातातल्या गजानं कापड मोजत होता आणि कापड तोकडं भरत होतं. तासांनी मोजलं तर चित्रपट हरणार, हे फाळक्यांनी ओळखलं. मग त्यांनी कापड तेच ठेवलं, भाव तोच ठेवला आणि प्रेक्षकाच्या हातात दुसरा गज दिला: तास मोजू नका, चित्रं मोजा.

आता त्यांचा हिशेब करून पाहू. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे एक चौकट पाऊण इंचाची. सत्तावन्न हजार चौकटींची लांबी भरते ३,५६० फुटांच्या आसपास. 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा होता. म्हणजे चित्रांचा आकडा प्रामाणिक होता, उलट थोडा कमीच सांगितला होता. दोन मैल मात्र होतात १०,५६० फूट. फिल्म पाऊण मैलही भरत नव्हती. आज कुणी असा दावा केला तर १९८५ पासून काम करणारी अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल त्याला जाब विचारील, आणि विचारावाच. मला ते दोन मैल खटकतात, कारण त्यांची गरजच नव्हती. खऱ्या सत्तावन्न हजारांत काम झालं होतं.

फाळक्यांना प्रेक्षकाच्या गजाची जी ओळख पटली, तिला जाहिरातीच्या धंद्यात 'कन्झ्युमर इनसाइट' म्हणतात. ग्राहकाविषयीची अंतर्दृष्टी असं त्याचं भाषांतर करतात, पण मला 'मर्म' हा शब्द जवळचा वाटतो. वैद्य मर्मस्थान म्हणतो ते शरीरावर लहानशी जागा व्यापतं, आणि तिथे बोट लागलं की सगळा देह हलतो. ग्राहकाचंही तसंच आहे. त्याचं वय, उत्पन्न, आवडता रंग अशी ढीगभर माहिती गोळा करता येते. त्यातली बहुतेक खरी असते आणि बहुतेक निरुपयोगी. मर्म सापडतं तेव्हा जाहिरात कशी करायची हे जवळजवळ आपोआप दिसायला लागतं.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या पंचवटीत चिवड्याचं दुकान आहे. मालक हिशेबाची वही उघडतो तेव्हा त्याला दिसतं की श्रावणात विक्री वाढते. ही माहिती झाली. तो दोन दिवस गल्ल्यावर न बसता दुकानाच्या पायरीवर उभा राहतो. मग त्याला दिसतं की रामकुंडावरून आलेली माणसं किलोभर चिवडा एका पिशवीत घेत नाहीत. पाव-पाव किलोच्या सहा-सात पुड्या वेगळ्या बांधून मागतात. हे निरीक्षण झालं. शेवटी तो एका बाईंना विचारतो, ताई, एवढ्या पुड्या कशाला? त्या सांगतात, शेजारी द्यायला, गावाला जाऊन आलो ना. इथे मर्म सापडलं. ही माणसं फराळ घेत नाहीत. यात्रा करून आल्याचा निरोप घेतात आणि तो घरोघर पोचवतात. आता चिवड्याची चव, शेंगदाण्यांची खमंग भाजणी यांच्या जाहिरातीवर खर्च करायचा की पुडीवर काळाराम मंदिराचं चित्र छापून सात पुड्यांचा एक जुडगा करायचा, हे त्या मालकाला कुणी शिकवायला नको. वहीतल्या आकड्यांपाशी तो थांबला असता तर श्रावणात 'भव्य सूट' असा फलक लावून मोकळा झाला असता.

फाळक्यांना ही नजर कुठून आली असेल, याचा विचार मी बरेचदा करतो. ते आमच्या नाशिक जिल्ह्यातले. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मले, १९१३ च्या अखेरीस त्यांनी आपला कारखाना मुंबईहून नाशिकला हलवला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच त्यांनी देह ठेवला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. चित्रपटाआधी त्यांनी जे धंदे केले त्यांत ते बरेचदा आपटले, आणि निदान एकदा तरी ग्राहकाच्या मनातल्या गाठीवर आपटले. बडोद्यात त्यांनी फोटोचा धंदा मांडला तेव्हा कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो, आयुष्य घटतं, असा समज लोकांत होता. फोटो कितीही सुरेख निघाला तरी जो माणूस भिंगासमोर बसायलाच भितो त्याला त्या सुरेखपणाचं काय? पुढे ते एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले. जादूगाराचा सगळा धंदा प्रेक्षक कुठे पाहतो आहे यावर चालतो. मग छापखाना काढला. तिथे चित्र घरोघर कसं जातं ते पाहिलं.

१९११ च्या आसपास गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपल्याला राम-कृष्ण दिसू लागले, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. पण पैसा कोण देणार? १९१२ साली त्यांनी काय केलं ते प्रायोजक शोधणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज त्याची चित्रं घेतली. ती जोडून दाखवली तेव्हा मिनिटभरात दाणा फुटून कोंब वर आला आणि वेल चढला. 'अंकुराची वाढ' पाहिल्यावर पैसे देणारे पुढे आले. सावकाराला कथा आवडेल की नाही हा प्रश्न नव्हता. असलं काही हिंदुस्थानात, या माणसाच्या हातून होऊ शकतं का, ही त्याची शंका होती. त्या शंकेला शब्दांनी उत्तर देता येत नव्हतं, वाटाण्यानं देता आलं. प्रायोजकही एक ग्राहकच असतो आणि त्याचंही मर्म असतं. हे आजही प्रायोजकत्वाचे देखणे प्रस्ताव करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. पन्नास पानांत आपल्या कार्यक्रमाची थोरवी असते, समोरच्याला नेमकं काय टोचतंय यावर ओळसुद्धा नसते.

आणि विषय म्हणून हरिश्चंद्रच का घेतला? मूकपटात पात्र बोलत नाही. मजकुराच्या पाट्या वाचू शकणारे थोडे. म्हणून कथा अशी हवी की जी प्रेक्षक घरूनच घेऊन येईल. कीर्तनात, कथेत, नाटकात शंभरदा ऐकलेला हरिश्चंद्र पडद्यावर आला की न बोलताही कळतो. फाळक्यांच्याच १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर पडद्यावर राम दिसताच लोक पायांतले जोडे काढायचे. मद्रासेत तिकिटांची जमलेली नाणी बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, असं सांगतात. त्या जोड्यांकडे नीट पाहिलं की कळतं, तो प्रेक्षक खेळ पाहायला आलाच नव्हता. दर्शनाला आला होता.

याच नाशिकात ऐंशी-पंचाऐंशी वर्षांनी दुसरी एक गोष्ट घडली. मला ती फाळक्यांच्या गोष्टीची धाकटी बहीण वाटते, जरी तिच्याविषयी माझं मन पूर्ण स्वच्छ नाही.

नाशिक म्हणजे खाण्याच्या द्राक्षांचा जिल्हा. आपला बागायतदार घडाकडे पाहतो तेव्हा मणी किती मोठा, किती कडक, बिनबियांचा आहे ना, हे पाहतो. वाईनच्या द्राक्षाचं सगळं उलटं: मणी बारीक, साल जाड, पोटात बिया. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकून आणि ऑरॅकलमधली नोकरी सोडून नव्वदच्या दशकात परतले. गंगापूर धरणाच्या परिसरातल्या घरच्या जमिनीत त्यांनी आधी आंबा आणि खाण्याची द्राक्षं करून पाहिली, आणि मग सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या जातींच्या वेली लावल्या. २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. आई सुलभा, म्हणून नाव सुला. बोधचिन्ह म्हणून मिशीवाला हसरा सूर्य. २००१ साली राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं आणि या धंद्याला करांत सवलती मिळाल्या.

माल तयार होता. पण तो घेणार कोण? महाराष्ट्रात 'वाईन शॉप' अशी पाटी असलेल्या दुकानात काय असतं ते आपण सगळे जाणतो. लोखंडी जाळी, जाळीच्या अलीकडे पुरुषांची झुंबड, कागदात गुंडाळून घाईनं पिशवीत जाणारी बाटली. म्हणजे वाईन हा शब्द मराठी माणसाच्या कानावर वाईन पाहण्याच्या कितीतरी आधी पडला होता आणि त्याला जाळीचा वास चिकटलेला होता. सुखवस्तू घरातली बाई त्या जाळीपाशी जाणार नाही. तिचा नवरा जाईल, पण तो दुसरंच काही घेऊन येईल. ही पहिली गाठ.

दुसरी गाठ जास्त खोल होती. ज्याला वाईन चाखून पाहायची आहे त्यालासुद्धा चुकण्याची भीती वाटते. नावाचा उच्चार काय, पेला कसा धरायचा, कशाबरोबर घ्यायची, गार की साधी? अडाणी ठरू, ही भीती शिकलेल्या माणसाला जास्त असते. चवीची जाहिरात करून ही भीती जात नाही. उलट उंची पेले आणि परदेशी किल्ले दाखवले की ती वाढते.

शिवाय जाहिरात करणार तरी कुठे? केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांनी दारूच्या जाहिरातीला, उघड किंवा आडवळणाच्या, मनाई आहे. वाट बंद होती, म्हणून नवी वाट सापडली. २००५ साली सुलानं द्राक्षमळ्यातच चाखण्याची खोली उघडली. माणूस बायको-मित्रांसह गाडीनं येतो, वेलींमधून फिरतो, टाक्या पाहतो. मग एक जाणकार समोर उभा राहून पेला कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा ते दाखवतो. बारकाईनं पाहिलं तर इथे भीतीचं मूळच उपटलं गेलं आहे. सहलीच्या तिकिटातच कबूल केलेलं असतं की आलेल्याला काही ठाऊक नाही. ठाऊक नसणं ही इथे लाज नाही, प्रवेशाची अट आहे. आणि जाळीच्या जागी द्राक्षमळा आला. बाटल्यांना बुचाऐवजी फिरकीचं झाकण लावण्याचा निर्णयही याच जातीचा. आपल्या घरांत कॉर्कस्क्रू कुठे असतो?

२००८ पासून मळ्यात सुलाफेस्ट हा संगीताचा महोत्सव सुरू झाला. द्राक्षं तुडवण्याचे खेळ, मांडव, गाणी. मुंबईहून चार तासांवर, शनिवार-रविवारच्या बेतात बसणारं. एरवी कंपनी कुणाच्यातरी महोत्सवाला पैसे देते आणि आपलं नाव लावते. इथे महोत्सवच कंपनीचा, दुसरेच प्रायोजक बनून येतात आणि प्रेक्षक तिकीट काढून जाहिरातीच्या आत येऊन राहतो. त्याचे फोटो तोच जगभर पाठवतो. डिसेंबर २०२२ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली. मिशीवाल्या सूर्याला तिथवर पोचवण्यात दूरचित्रवाणीच्या जाहिरातीचा वाटा जवळजवळ शून्य आहे.

मन स्वच्छ नाही म्हणालो ते यासाठी. लाज आणि भीती दूर करणं हे कौशल्य आहे, पण काही लाजा माणसाला जपतही असतात. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा गदारोळ झाला. सरकार द्राक्ष बागायतदाराच्या उत्पन्नाचा गज लावत होतं. विरोध करणाऱ्यांच्या हातातला गज घराच्या उंबरठ्याचा होता. ज्या दुकानात आपण मुलाला दूध-बिस्किटं आणायला पाठवतो त्याच फळीवर ही बाटली? दोन्ही बाजू एकमेकींना आपलेच आकडे ऐकवत राहिल्या. मळ्यात जाऊन वाईन पिणारा माणूस वाटेवरच्या किराणा दुकानात ती पाहून अस्वस्थ होऊ शकतो, आणि त्यात काही विसंगती नाही. मळा म्हणजे सहल, किराणा म्हणजे घर. जागा बदलली की मर्म बदलतं.

जागा आणि वेळ यांवरून कुंभमेळ्याची आठवण येते. २०१३ च्या प्रयागच्या महाकुंभात हिंदुस्तान युनिलिव्हरला लाइफबॉय साबणाच्या निमित्तानं हात धुण्याची सवय लोकांच्या मनावर ठसवायची होती. तिथे आधीच फलकांचं रान माजलेलं. ध्वनिक्षेपकांवर हरवलेल्यांची नावं, आखाड्यांच्या घोषणा, भजनं. त्या कोलाहलात आणखी एक भोंगा कोण ऐकणार? ओगिल्व्ही या जाहिरात संस्थेनं काढलेला मार्ग असा: शंभरावर ढाबे आणि भोजनालयांच्या स्वयंपाकघरांत माणसं बसवली आणि गरम रोटीवर तापल्या ठशानं एक प्रश्न उमटवला, लाइफबॉयनं हात धुतलेत का? शाई नाही, रंग नाही, फक्त भाजल्याची खूण. अशा पंचवीस लाख रोट्या लोकांच्या ताटांत पडल्या.

या कल्पनेचं कौतुक जगभर झालं आणि ठशाचं जास्त झालं. मला त्यातली वेळ महत्त्वाची वाटते. हात धुवावेत हे कुणाला माहीत नाही? यात्रेकरूही जाणतो. पण ते आठवायला हवं नेमक्या एका क्षणी, पहिला घास मोडण्याआधी. त्याच्या दहा मिनिटं आधी सांगितलं तर विसरतो, पाच मिनिटं नंतर सांगितलं तर उपयोग नाही. त्या क्षणी माणसाच्या नजरेसमोर आणि बोटांत फक्त एकच वस्तू असते. फलक तिथे लावणं भाग होतं. शिवाय तो उपदेश नव्हता, प्रश्न होता, आणि त्याचं खरं उत्तर फक्त खाणाऱ्यालाच माहीत.

पण हीच युक्ती उचलून कुणी नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यात आणली तर फसेल. तपोवनातल्या साधुग्रामात, अन्नछत्रांच्या पंगतीत यात्रेकरू प्रसाद म्हणून जेवतो. ढाब्यावरची रोटी विकत घेतलेली असते. पंगतीतलं अन्न पूर्णब्रह्म असतं, त्यावर साबणाचं नाव कुणाला रुचणार? प्रसादाची वेळ वेगळी, मान वेगळा. तिथे पंगतीच्या तोंडाशी पाण्याची झारी घेऊन हातावर पाणी घालणारा स्वयंसेवक उभा करणं हे जास्त आपल्याकडचं. नक्कल करणारे ठसा उचलतात आणि क्षण तिथेच सोडून येतात.

प्रायोजकत्वाचं नव्वद टक्के काम आपल्याकडे अजून कमानीवर अडलेलं आहे. गणपती आले की मंडळाचे कार्यकर्ते दुकानं फिरतात, 'सौजन्य' म्हणून नाव लागतं, फ्लेक्स चढतो. मी तरुणपणी आमच्या गल्लीतल्या मंडळाचा वर्गणीदार-कार्यकर्ता होतो. एका वर्षी एका मोठ्या व्यापाऱ्यानं चांगली घसघशीत रक्कम दिली आणि तिच्या मानानं मोठा फलक मागितला. तो आम्ही लावला आणि मूर्ती रस्त्यावरून दिसेनाशी झाली. दहा दिवस येणारा-जाणारा त्या फलकाच्या कडेनं मान वाकडी करून गणपती पाहत होता. लोकांनी त्याचं नाव लक्षात ठेवलं, हे खरं. त्याच वर्षी शेजारच्या डेअरीवाल्यानं पैसे दिले नाहीत. संध्याकाळच्या आरतीला म्हाताऱ्या बायका तासभर उभ्या राहतात हे त्यानं पाहिलं होतं, म्हणून चाळीस खुर्च्या पाठवल्या. फलक नाही, चिठ्ठी नाही. आजही आमच्याकडे जुनी माणसं त्या खुर्च्यांची आठवण काढतात आणि डेअरीचं नाव घेतात. ब्रँड हा शब्द त्या माणसानं ऐकला नसेल.

मोठ्या प्रमाणावर हेच विकोनं करून दाखवलं. केशव पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत सुरू केलेली ही मराठी माणसाची कंपनी. १९८४ साली दूरदर्शनवर 'ये जो है ज़िंदगी' ही मालिका आली, तिचं प्रायोजकत्व विकोनं घेतलं. त्या काळी घरात एकच संच आणि त्यासमोर आजीपासून नातवापर्यंत सगळे. दंतमंजन आणि हळदीचं क्रीम विकणाऱ्याला आणखी काय हवं? बाथरूममधल्या फळीवरची एकच डबी सगळं घर वापरतं, तसाच एक कार्यक्रम सगळं घर पाहतं. मालिका विनोदी होती, निरुपद्रवी होती, कुणाला उठून जावं लागत नव्हतं. वस्तू आणि कार्यक्रम यांची घरातली जागा एकच होती, म्हणून ते नाव त्या पिढीच्या स्मरणात मालिकेला चिकटून राहिलं. प्रेक्षकसंख्या एवढी एकच मोजपट्टी लावणाऱ्याला ही जोडी दिसत नाही. दहा लाख डोळे कुठल्याही कार्यक्रमाला मिळतील, पण ते डोळे त्या वेळी कोणत्या मनःस्थितीत आहेत यावर सगळं ठरतं.

आता २०२७ चा सिंहस्थ समोर आहे. शहरात आतापासून नकाशे पसरले गेले आहेत आणि कंपन्यांची बोलणीही सुरू होतील. कमानी किती, फुगे किती, चौकात नाव कुणाचं. २०१५ च्या सिंहस्थाआधी नाशिकचेच सुपुत्र आणि एमआयटी मीडिया लॅबमधले संशोधक रमेश रासकर यांच्या पुढाकारानं कुंभथॉन हा उपक्रम झाला. त्यात कॉलेजातली, शाळेतली मुलं रस्त्यावर उतरून आधी अडचणी गोळा करत होती, उपाय नंतर. त्यातूनच एका शाळकरी मुलाची पावलं मोजणारी चटई आली. ती वाटेवर अंथरायची आणि तिच्यावरून किती पाय गेले यावरून गर्दी कुठे दाटते आहे ते कळायचं. डोकी मोजणं अवघड, पाय मात्र प्रत्येकाला टेकावेच लागतात. त्या मुलांना कुणी मार्केटिंग शिकवलं नव्हतं. पण मर्म शोधायची रीत हीच, की कपाटातला अहवाल बाजूला ठेवून गोदाघाटावर सकाळी पाच वाजता उभं राहायचं.

पर्वणीच्या दिवशी मी तिथे उभा राहिलो आहे. यात्रेकरूला बाहेरच्या वाहनतळापासून घाटापर्यंत काही किलोमीटर चालावं लागतं. भाद्रपदातला चिखल असतो. घाटावर पोचला की तो चपला काढतो, कारण गोदामाईच्या काठी चपला घालून कोण जाईल? स्नान करून बाहेर पडायची वाट मात्र पोलिसांनी दुसरीकडून काढलेली असते, गर्दी उलटी फिरू नये म्हणून, आणि ते बरोबरच असतं. परिणाम असा की संध्याकाळी घाटावर चपलांचे डोंगर उरतात आणि विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बायका अनवाणी, खडीवरून, बस स्थानकापर्यंत चालत जातात. पुण्याच्या ओढीनं आलेल्या त्या बाईच्या मनात परतताना जे असतं ते तिच्या तळव्यांत असतं.

चप्पल करणाऱ्या एखाद्या कंपनीनं कमानीचे पैसे वाचवून कापडी पिशव्या शिवाव्यात. चपलांचा जोड मावेल एवढी, खांद्याला अडकवायला लांब बंद असलेली, भिजली तरी सुकणारी पिशवी, आणि ती वाटायची घाटावर नव्हे, वाहनतळावर, चालायला सुरुवात करतानाच. घाटावर देऊन उपयोग नाही, तोवर चपला निघालेल्या असतात. गावी गेल्यावर ती पिशवी फेकली जाणार नाही. तिच्यात डाळ भरली जाईल, पोथी ठेवली जाईल. तिच्यावर नाव किती मोठं छापायचं, हे त्या कंपनीनं आधी एकदा नाशिक रोड स्थानकावरून रामकुंडापर्यंत अनवाणी चालून मग ठरवावं.